युद्धोत्तर अमेरिका आणि होल्डन कॉलफील्ड : एका बंडखोर किशोराच्या नातेसंबंधांचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

जे. डी. सॅलिंजर यांची 'द कॅचर इन द राय' ही कादंबरी १६ जुलै १९५१ रोजी प्रसिद्ध झाली. तिचा सोळा वर्षांचा नायक होल्डन कॉलफील्ड हा विसाव्या शतकातील किशोरवयीन बंडखोरीचे प्रतीक मानला जातो. प्रस्तुत निबंधात त्याचे आई-वडील, शिक्षक, मित्र, मैत्रिणी व भावंडे यांच्याशी असलेले संबंध तपासले आहेत. या संबंधांचा अर्थ कादंबरीच्या रचनेचा इतिहास आणि दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिका या दोन्ही संदर्भांत लावण्याचा हा प्रयत्न आहे. होल्डनच्या बंडाच्या मुळाशी धाकट्या भावाच्या मृत्यूचा न ओसरलेला शोक आहे आणि या शोकाला युद्धकाळाची पार्श्वभूमी आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : किशोरवय, बंडखोरी, नातेसंबंध, शोक, दुसरे महायुद्ध, घडणीची कादंबरी.

प्रस्तावना

कोवळ्या वयातील नायक अनुभवांतून जात प्रौढत्वाच्या उंबरठ्यावर येतो, अशी रचना असणाऱ्या कादंबरीला 'घडणीची कादंबरी' म्हटले जाते. या प्रकाराचा उगम अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत झाला. गटेची १७९५-९६ मधील 'विल्हेल्म माइस्टर'ची कथा हा त्याचा आद्य नमुना समजला जातो. या परंपरेतील नायक आरंभी समाजाशी झगडतो आणि शेवटी समाजात आपली जागा शोधतो. सॅलिंजर यांच्या कादंबरीत मात्र हा प्रवास अपुरा राहतो. कथा सांगणारा होल्डन एका उपचारकेंद्रात आहे. पुढच्या सप्टेंबरात शाळेत गेल्यावर आपण अभ्यास करू की नाही, हे त्यालाही सांगता येत नाही.

होल्डनविषयीच्या चर्चेत त्याच्या 'बंडखोरी'वर जितका भर दिला गेला, तितका त्याच्या नात्यांवर दिला गेला नाही. वस्तुतः तीन दिवसांत घडणारी ही कथा माणसांच्या भेटींनी भरलेली आहे. शाळेतून काढून टाकलेला हा मुलगा न्यूयॉर्कमध्ये सतत कोणाला तरी दूरध्वनी करू पाहतो आणि टॅक्सीचालकालाही आपल्याबरोबर थांबण्याचा आग्रह करतो. माणसांवर चिडलेला हा मुलगा माणसांवाचून राहूही शकत नाही. ही विसंगती समजून घेणे हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य हेतू आहे.

किशोरवयाची ऐतिहासिक जडणघडण

किशोरवय ही निसर्गदत्त अवस्था असली, तरी समाजाने तिला दिलेले स्वतंत्र स्थान तुलनेने अलीकडचे आहे. जी. स्टॅन्ले हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये किशोरावस्थेवरील आपला द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या वयाला वादळी संक्रमणकाळ ठरविले. त्यानंतरच्या काळात आर्थिक बदलांनी या विचाराला सामाजिक आधार दिला. १९३०च्या दशकातील महामंदीत रोजगार आटल्याने मुले शाळेत अधिक काळ राहू लागली. १९३८च्या श्रमविषयक कायद्याने बालमजुरीवर मर्यादा आणल्या. १९४०च्या सुमारास सतरा वर्षे वयाच्या अमेरिकन मुलामुलींपैकी सुमारे निम्मी माध्यमिक शिक्षण पूर्ण करू लागली होती. बालपण संपलेले आणि कमावते वय सुरू न झालेले अशी एक संपूर्ण पिढी शाळांच्या आवारात एकत्र आली. 'टीनएजर' हा शब्द याच दशकात रूढ झाला. १९४४ मध्ये 'सेव्हन्टीन' हे मासिक सुरू झाले आणि बाजारपेठेनेही या वयाची दखल घेतली.

या नव्या वर्गाच्या माथ्यावर एक सावलीही होती. नोव्हेंबर १९४२ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचे किमान वय अठरावर आणले गेले. युद्ध संपल्यावर १९४८ मध्ये भरतीचा नवा कायदा झाला. कोरियन युद्ध सुरू असताना, जून १९५१ मध्ये, भरतीचे वय साडेअठरापर्यंत खाली आले. त्यानंतर महिन्याभरातच 'द कॅचर इन द राय' वाचकांच्या हाती पडली. कथा सांगतेवेळी होल्डन सतरा वर्षांचा आहे. प्रौढ होणे म्हणजे नोकरी, संसार आणि प्रतिष्ठा हे जसे त्याला दिसत होते, तसेच प्रौढ होणे म्हणजे सैन्यात जाणे हेही त्याच्या पिढीला ठाऊक होते. सैन्यात जाण्याची कल्पना होल्डनला असह्य वाटते आणि तसे तो उघडपणे बोलूनही दाखवितो.

कादंबरीचा रचनाकाळ : युद्धात हरवलेला होल्डन

होल्डन कॉलफील्ड हे पात्र १९५१ मध्ये अचानक अवतरले नाही. सॅलिंजर यांचा जन्म १ जानेवारी १९१९ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. 'स्लाइट रिबेलियन ऑफ मॅडिसन' ही होल्डनविषयीची त्यांची कथा 'द न्यूयॉर्कर'ने १९४१ मध्ये स्वीकारली होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला, अमेरिका युद्धात उतरली आणि शाळकरी मुलाच्या किरकोळ बंडाची ही कथा बाजूला ठेवली गेली. ती छापून यायला डिसेंबर १९४६ उजाडला.

मधल्या काळात लेखक स्वतः सैनिक झाला होता. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या चौथ्या पायदळ डिव्हिजनमध्ये सॅलिंजर होते. हुर्टगेनच्या जंगलातील आणि आर्डेनमधील भीषण लढायाही त्यांनी पाहिल्या. १९४५ मध्ये युद्धजन्य मानसिक थकव्यामुळे त्यांना न्युरेम्बर्ग येथील रुग्णालयात दाखल व्हावे लागले.

या काळातील त्यांच्या कथांमध्ये होल्डन एका वेगळ्याच रूपात भेटतो. जुलै १९४४ मध्ये 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'मध्ये आलेल्या 'लास्ट डे ऑफ द लास्ट फर्लो' या कथेत व्हिन्सेंट कॉलफील्ड हा सैनिक आपला धाकटा भाऊ होल्डन युद्धात बेपत्ता झाल्याचे सांगतो. ऑक्टोबर १९४५ मध्ये 'एस्क्वायर'ने छापलेल्या 'धिस सँडविच हॅज नो मेयोनेझ' या कथेत हाच व्हिन्सेंट भावाच्या आठवणीने व्याकूळ झालेला दिसतो. डिसेंबर १९४५ मधील 'द स्ट्रेंजर' या कथेपर्यंत व्हिन्सेंटही हुर्टगेनच्या जंगलात मारला गेलेला आहे. कॉलफील्ड घराण्यातील आणखी एका भावाच्या, केनेथच्या, मृत्यूची कथाही सॅलिंजर यांनी लिहिली होती. तिचे हस्तलिखित प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

हा रचनाक्रम महत्त्वाचा आहे. युद्धकाळातील कथांमध्ये होल्डन हा हरवलेला भाऊ आहे आणि त्याच्यासाठी शोक करणारा दुसरा कोणी आहे. कादंबरीत होल्डन जिवंत आहे आणि शोक करण्याचे काम त्याच्याकडे आले आहे. मृत भावाची जागा अ‍ॅलीने घेतली आहे. मृत्यूचे कारण युद्धाऐवजी रक्ताचा कर्करोग असे झाले आहे. मृत्यूची तारीख मात्र १८ जुलै १९४६ अशी नेमकी दिलेली आहे. युद्ध संपून वर्षही झालेले नसताना हा मृत्यू घडतो. सुमारे चार लाख अमेरिकन सैनिक त्या युद्धात कामी आले होते. विजयोत्सव, नवी घरे आणि वाढते वेतन यांच्या गडबडीत त्या घरांतील शोक मागे पडत गेला. सॅलिंजर यांनी कादंबरीत रणांगण आणले नाही, परंतु 'कोणी तरी गेले आहे आणि त्याविषयी कोणी बोलत नाही' ही त्या काळातील असंख्य घरांची अवस्था कॉलफील्ड कुटुंबात आणून ठेवली.

आई-वडील आणि शिक्षक

कादंबरीत होल्डनचे वडील एकदाही प्रत्यक्ष दिसत नाहीत. ते मोठ्या कंपन्यांचे वकील आहेत, भरपूर कमावतात, एवढेच वाचकाला कळते. आईचा केवळ आवाज ऐकू येतो, तोही होल्डन रात्री चोरून घरी आला असताना आणि कपाटात लपलेला असताना. अ‍ॅलीच्या मृत्यूनंतर ती सावरलेली नाही, तिची प्रकृती नाजूक आहे, हे होल्डन जाणतो. आईने पाठविलेल्या बर्फावर घसरण्याच्या बुटांचा प्रकार चुकला होता. ते बूट बांधाबांध करताना हाती येतात, तेव्हा तिने दुकानात जाऊन विक्रेत्याला किती प्रश्न विचारले असतील, या विचाराने त्याला वाईट वाटते. आई-वडिलांविषयी त्याच्या मनात द्वेष नाही. एकाच दुःखाने वेढलेल्या तीन माणसांना एकमेकांशी बोलता येत नाही, अशी ही कोंडी आहे. अ‍ॅली गेला त्या रात्री तेरा वर्षांच्या होल्डनने गॅरेजच्या काचा मुठीने फोडल्या. त्यावर त्याचे मनोविश्लेषण करून घेण्याचा विचार घरात झाला. हाताच्या दुखापतीमुळे रुग्णालयात असल्याने त्याला भावाच्या अंत्यविधीलाही जाता आले नाही.

शिक्षकांपैकी दोघांशी त्याचे नाते उल्लेखनीय आहे. इतिहासाचे वृद्ध शिक्षक स्पेन्सर त्याला घरी बोलावून त्याची नापास झालेली उत्तरपत्रिका मोठ्याने वाचून दाखवितात. प्राचीन इजिप्तवरील त्या उत्तरात होल्डनने प्रामुख्याने ममींविषयी लिहिले आहे. मृतदेह शतकानुशतके कसा टिकवून ठेवला जात असे, एवढीच इतिहासातील गोष्ट त्याला महत्त्वाची वाटली होती. पुढे संग्रहालयात भेटलेल्या दोन लहान मुलांनाही तो हीच माहिती उत्साहाने देतो. स्पेन्सर यांना त्या उत्तरात केवळ अभ्यासाचा अभाव दिसतो. त्यांची तळमळ खरी असूनही दोघांत संवाद होत नाही.

दुसरे शिक्षक अँटोलिनी. जेम्स कॅसल नावाच्या मुलाने छळाला कंटाळून वसतिगृहाच्या खिडकीतून उडी घेतली, तेव्हा त्याचा रक्तबंबाळ देह उचलून नेणारे एकटे अँटोलिनी होते. मृताला हात लावण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, म्हणून होल्डनचा त्यांच्यावर विश्वास आहे. त्या घरी रात्री झोपेतून दचकून जाग आल्यावर त्यांचा हात आपल्या डोक्यावर असल्याचे पाहून तो घाबरून बाहेर पडतो. त्या कृतीचा अर्थ सॅलिंजर यांनी संदिग्ध ठेवला आहे. आपण घाई केली काय, अशी शंका नंतर होल्डनलाही येते. प्रौढांवर विसंबण्याची त्याची शेवटची जागा मात्र त्या रात्री ढासळते.

समवयस्क आणि मैत्रिणी

वसतिगृहातील स्ट्रॅडलेटर आणि अ‍ॅक्ले यांच्याशी होल्डनचे संबंध वरवर पाहता नेहमीच्या भांडणांचे आहेत. त्यातील एक प्रसंग मात्र संपूर्ण कादंबरीची किल्ली ठरावा असा आहे. स्ट्रॅडलेटर त्याला आपल्यासाठी एक वर्णनात्मक निबंध लिहायला सांगतो. खोली किंवा घर असा काही तरी विषय अपेक्षित असतो. होल्डन अ‍ॅलीच्या बेसबॉलच्या हातमोज्यावर लिहितो. खेळताना चेंडू येईपर्यंत वाचायला काही असावे म्हणून अ‍ॅलीने त्या मोज्यावर हिरव्या शाईने कविता उतरविल्या होत्या. निबंध सांगितल्याप्रमाणे नाही म्हणून स्ट्रॅडलेटर चिडतो आणि होल्डन तो फाडून टाकतो. भावाविषयी त्याने केलेले पहिले लेखन अशा रीतीने नाकारले जाते. त्यानंतर काही वेळातच दोघांची मारामारी होते आणि होल्डन शाळा सोडून निघतो.

मारामारीचे तात्कालिक कारण जेन गॅलघर ही आहे. स्ट्रॅडलेटर तिच्यासोबत फिरून आलेला असतो. अ‍ॅलीचा तो मोजा कुटुंबाबाहेर ज्या एकाच व्यक्तीला होल्डनने दाखविला, ती व्यक्ती जेन आहे. तिच्याशी असलेले त्याचे नाते हात हातात घेणे, सोंगट्यांचा पट मांडणे आणि एकदा तिच्या अश्रूंनी व्याकूळ होऊन तिचा चेहरा चुंबणे एवढ्यापुरते आहे. न्यूयॉर्कमध्ये तो तिला दूरध्वनी करण्याचा विचार पुनःपुन्हा करतो, तरी तिच्याशी बोलणे होत नाही. आठवणीतील जेन बदलू नये, ही भीती त्यामागे दिसते. याउलट देखण्या सॅली हेजला तो भेटतो, शहर सोडून दूर जाऊन राहू असा वेडा बेत तिच्यापुढे मांडतो आणि तिचे व्यवहारी उत्तर ऐकून तिचा अपमान करतो. हॉटेलात आलेल्या सनी या वेश्येशीही त्याला फक्त बोलायचे असते. ती निघून गेल्यावर त्या खोलीत तो मोठ्याने मृत अ‍ॅलीशी बोलू लागतो. एकदा खेळायला जाताना अ‍ॅलीला सोबत नेण्याचे त्याने नाकारले होते. त्या प्रसंगाची भरपाई तो या काल्पनिक संवादात करीत असतो.

भावंडे : नात्यांचा केंद्रबिंदू

होल्डनचा मोठा भाऊ डी. बी. चार वर्षे सैन्यात होता आणि नॉर्मंडीच्या आक्रमणातही सहभागी होता. रजेवर घरी आला की तो बहुतेक वेळ नुसता पलंगावर पडून असे, ही होल्डनची आठवण युद्धाहून परतलेल्या पिढीचे मोजक्या शब्दांतील चित्र आहे. असा संवेदनशील कथाकार आता हॉलिवूडसाठी लिहितो, याचा होल्डनला राग येतो. त्याच्या मते भावाने स्वतःला विकले आहे.

दहा वर्षांची फीबी ही मात्र त्याच्या नात्यांची खरी परीक्षक आहे. तुला जगात काहीच आवडत नाही, असा आरोप ती त्याच्यावर करते आणि आवडणारी एक तरी गोष्ट सांगण्याचे आव्हान देते. होल्डन उत्तर देतो ते अ‍ॅलीचे नाव घेऊन. अ‍ॅली तर मेला आहे, असे फीबी सरळ सांगते. घरातील मोठ्यांनी जे उच्चारले नाही, ते वाक्य एका लहान मुलीच्या तोंडी आले आहे. मेला म्हणून माणूस आवडायचा थांबतो काय, हा होल्डनचा प्रतिप्रश्न त्याच्या साऱ्या बंडाचे मूळ उघड करतो. त्यानंतरच तो राईच्या शेतात खेळणाऱ्या मुलांना कड्यावरून पडण्यापूर्वी झेलण्याची आपली इच्छा सांगतो. ही कल्पना रॉबर्ट बर्न्सच्या एका गीताच्या चुकीच्या ऐकलेल्या ओळीवर उभी आहे आणि ती चूकही फीबीच दुरुस्त करते. जो एक मुलगा त्याला झेलता आला नाही, त्याच्यासाठी तो सगळी मुले झेलू पाहतो.

शेवटी फीबी कपड्यांची पेटी घेऊन त्याच्यासोबत पळून जाण्यासाठी येते. आपल्या पलायनाची खरी किंमत होल्डनला त्या क्षणी कळते. तो तिला नकार देतो आणि स्वतःही जाण्याचे रद्द करतो. फिरणाऱ्या लाकडी घोड्यांवर बसलेली मुले सोनेरी कडे पकडण्यासाठी वाकतात, तेव्हा ती पडतील या भीतीने त्यांना अडवू नये, असे त्याला वाटू लागते. 'झेलणारा' होण्याचा हट्ट येथे सुटतो. अ‍ॅलीच्या थडग्यावर पाऊस पडताना भेटीला आलेले लोक मोटारींकडे धावले आणि अ‍ॅली तेथेच राहिला, ही आठवण होल्डनला पूर्वी असह्य झाली होती. आता तो स्वतः पावसात भिजत बसून राहतो. मृत भावाशी असलेल्या निष्ठेपासून जिवंत बहिणीच्या जबाबदारीकडे त्याने टाकलेले हे पहिले पाऊल होय.

स्वीकार आणि आक्षेप

कादंबरीला वाचकांचा मोठा प्रतिसाद मिळाला. आजवर तिच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्याचे सांगितले जाते. त्याचबरोबर तिची भाषा व लैंगिक उल्लेख यांवर पालक आणि शाळामंडळांनी सातत्याने आक्षेप घेतले. १९६० मध्ये ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथे ही कादंबरी वर्गात नेमल्याबद्दल एका शिक्षिकेला बडतर्फ करण्यात आले. पुढे तिला कामावर परत घेतले गेले. १९८१ मध्ये ही कादंबरी अमेरिकेतील सार्वजनिक शाळांत सर्वाधिक आक्षेप घेतली गेलेली आणि त्याच वेळी सर्वाधिक शिकविली जाणारी दुसऱ्या क्रमांकाची कादंबरी होती, अशी नोंद आढळते. डिसेंबर १९८० मध्ये गायक जॉन लेनन यांच्या मारेकऱ्याजवळ हे पुस्तक सापडल्याने त्याभोवती एक भयावह वलयही निर्माण झाले. आक्षेपक आणि चाहते या दोघांनीही होल्डनचा राग पाहिला. रागामागचा शोक बहुधा दुर्लक्षित राहिला.

मराठी संदर्भ

मराठीत भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीची तुलना सॅलिंजर यांच्या कादंबरीशी अनेकदा झाली आहे. बोलीचा मोकळा वापर आणि प्रथमपुरुषी निवेदन ही साम्ये सर्वपरिचित आहेत. नात्यांच्या दृष्टीने पाहता अधिक खोल साम्य असे, की पांडुरंग सांगवीकरच्या आयुष्यातही धाकट्या भावंडाचा मृत्यू आहे. बहीण मनी देवीच्या आजाराने जाते आणि त्या आघाताने त्याचा जगण्यावरील विश्वास हादरतो. भारतात देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला, हे ध्यानात घेता मनीचा मृत्यूही आपल्या काळाचा दस्तऐवज ठरतो.

भेदही तितकेच मोलाचे आहेत. पांडुरंगाचे वडील अदृश्य नाहीत. त्यांच्याशी त्याचा उघड, दीर्घ आणि पैशापासून प्रतिष्ठेपर्यंत पोचणारा संघर्ष आहे. शिक्षणात अपयश आल्यावर त्याला परत जायला सांगवी हे गाव आहे, शेती आहे, नात्यागोत्याचा गोतावळा आहे. होल्डनला परतण्यासाठी असते ते एक सदनिकेतील घर आणि त्यानंतर उपचारकेंद्र. बंडखोर तरुणाचे एकाकीपण सार्वत्रिक वाटले, तरी त्याला सामावून घेणारी किंवा दूर लोटणारी समाजरचना प्रत्येक ठिकाणी निराळी असते, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

निष्कर्ष

१. होल्डन कॉलफील्डची बंडखोरी ही नात्यांचा त्याग करणारी नसून नात्यांचा शोध घेणारी आहे. मृतांची आठवण जपणाऱ्या व्यक्ती त्याला जवळच्या वाटतात, तर तिच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या व्यक्तींना तो ढोंगी ठरवितो.

२. युद्धकाळातील कथांमधला बेपत्ता होल्डन आणि कादंबरीतील शोकमग्न होल्डन यांचा एकत्र विचार केल्यास कादंबरीतील खाजगी दुःखाला युद्धाची ऐतिहासिक पार्श्वभूमी असल्याचे दिसते.

३. 'टीनएजर' हा वर्ग आर्थिक, शैक्षणिक व लष्करी धोरणांतून घडला. प्रौढत्वाविषयी होल्डनला वाटणारी भीती या ऐतिहासिक वास्तवाशी निगडित आहे.

४. फीबीसोबतच्या अखेरच्या प्रसंगांत होल्डन जिवंतांच्या जगाकडे वळतो. निवेदनाच्या शेवटी ज्यांच्याशी तो भांडला, त्या स्ट्रॅडलेटर व अ‍ॅक्ले यांचीही त्याला उणीव भासते.

वर्गात मागच्या बाकावर बसून सर्वांवर चिडणारा मुलगा प्रत्येक काळात आणि प्रत्येक शाळेत असतो. त्याच्या उत्तरपत्रिकेत काय नाही, हे शोधणे सोपे असते. तिच्यात जे थोडे आहे ते त्याने का लिहिले, हा प्रश्न स्पेन्सर यांनी विचारला नाही. साहित्याच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी, तसेच शिक्षकांनी, तो विचारावा एवढी अपेक्षा ही कादंबरी निश्चितच निर्माण करते.